आसनावरच्या पिशव्या

"वजन नेहमीचंच ना?" ओगुरासानांनी गाडीखालूनच विचारलं.

"नेहमीचंच. चौऱ्याहत्तर किलो," शुंतारो म्हणाला आणि त्याने लोकरीची टोपी कानांवर आणखी खाली ओढली.

त्याची बायको कानाए शेजारीच उभी होती. कडेवर लेक सुमिरे पेंगत होती. तिला सावरायचं निमित्त करून तिने मान वळवली.

चाकांचा कल जुळवायची गॅरेजवाल्या ओगुरासानांची पद्धत जुनी. चाकं फिरत्या तबकड्यांवर चढवायची, गाडीच्या दोन्ही अंगांना दोऱ्या ताणायच्या आणि चालवणाऱ्याच्या आसनावर त्याच्या वजनाच्या वाळूच्या पिशव्या रचायच्या. माणूस बसला की गाडी दबते, चाकांचा कल बदलतो. रिकाम्या गाडीचं माप शर्यतीच्या ट्रॅकवर खोटं पडतं. नेहमीच्या गिऱ्हाइकांच्या पिशव्या फळीवर नावानिशी ठेवलेल्या असत. शुंतारोच्या पिशव्या त्याच्या लग्नाआधीपासून तिथे होत्या.

"बारीक झालायस रे थोडा," पिशव्या रचता रचता ओगुरासान म्हणाले. "वहिनी उपाशी ठेवतात वाटतं!"

"तिच्या हातचं खाऊन बघा एकदा, मग बोला," शुंतारो हसला. हसता हसता खोकला आला, तसा तो टायरच्या चळतीवर टेकला. जाड जॅकेटवर जॅकेट चढवून आला होता. ओगुरासानांना काही माहीत नव्हतं आणि त्यांना कळू नये, एवढंच त्याचं म्हणणं होतं. डॉक्टर कानाएला म्हणाले होते, आता त्यांना आवडेल ते करू द्या. त्याला आवडायची ही पिवळी गाडी आणि डोंगरापलीकडचा तो ट्रॅक. एकदा, शेवटचं.

पहिला बोल्ट सैल झाला. ओगुरासानांनी पुढच्या चाकाचा कल मोजला, मान हलवली आणि पाना पुन्हा लावला.

बोलू की नको? बोलावं तर त्याची एवढीशी उरलेली ऐट मोडते. न बोलावं तर तो पहिल्याच वळणाला जोरात ब्रेक दाबणार आणि गाडी त्याच्या अंगात नसलेल्या वजनाच्या हिशेबाने वागणार.

"ओगुरासान," ती म्हणाली. "चौऱ्याहत्तर नाही. पन्नास."

पाना थांबला.

"कानाए, उगाच काहीतरी बोलू नकोस," शुंतारो खालच्या आवाजात म्हणाला. "काट्यावर केव्हा चढलो होतो मी?"

"काल तुला न्हाणीतून मीच उचललं ना," ती म्हणाली. "दिवसभर पोरीला उचलते मी. हातांना कळतं रे."

ओगुरासानांनी शुंतारोकडे पाहिलं. टोपीखालच्या भुवया नसलेल्या कपाळाकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. हात पुसले आणि आसनावरची वरची पिशवी उचलून जमिनीवर ठेवली. मग दुसरी. एकेक पिशवी जवळजवळ सुमिरेएवढी. मग एक लहान. गाडीचं अंग किंचित वर आलं, दोऱ्या आणि चाकं यांच्यातलं अंतर बदललं आणि झालेलं सगळं काम फुकट गेलं.

"वहिनींनी सांगितलं ते बरं केलं," ओगुरासान म्हणाले. "एक चाक आधी घसरलं असतं. पुन्हा पहिल्यापासून करतो."

शुंतारो कानाएकडे बघत नव्हता. त्याची नजर आसनावर उरलेल्या पिशव्यांवर होती. तिला वाटलं, आता हा उठेल आणि निघून जाईल. कदाचित शेवटपर्यंत माझ्याशी बोलणारही नाही.

"ट्रॅकचा दिवस केव्हा आहे तुझा?" ओगुरासानांनी वाकता वाकता सवयीने विचारलं.

"पुढच्या महिन्याच्या अखेरीला."

ते बोल्टला हात घालणार, तोच शुंतारो भिंतीचा आधार घेत उठला. सावकाश गाडीपाशी आला. दारातून आत वाकला, एका लहान पिशवीला हात घातला. ती त्याच्याने हलवेना.

"ही पण काढा," तो म्हणाला. "तोवर लागणार नाही."

ओगुरासान जागचे हलले नाहीत. कानाएने सुमिरेला दुसऱ्या कडेवर घेतलं, पुढे झाली आणि एका हाताने ती पिशवी उचलून खाली ठेवली.