सहा वेळा देऊन टाकलेला माणूस

"तातय, नऊ वर्षांत सहा संघांनी तुम्हाला दुसऱ्याला देऊन टाकलं. तुम्ही खेळायचात, की नुसते टॉवेल घड्या करायचात?"

प्रश्न माझा नव्हता हो! आमच्या संघातल्या जोझेलचा होता. "हिंमत असेल तर बापाला विचार, नाहीतर शनिवारच्या सामन्यात बॉल पुढे मी नेणार," म्हणाली. आमच्या वाडीच्या बास्केटबॉल लीगमध्ये यंदा पहिल्यांदाच मुलींचे संघ उतरणार होते. बॉल घेऊन पुढे जायची जागा माझी होती आणि ती मी कुणाला देणार नव्हते. मग विचारलं.

ताटात लसणाचा भात होता, तव्यावर सुकी मासळी. आईचा, म्हणजे नानयचा, हात उलथन्यावरच थांबला.

मला वाटलं, तातय हसतील. अजूनही बाजारात लोक त्यांना "आयडॉल!" म्हणून हाका मारतात. पण ते हसले नाहीत.

"टॉवेल? इसाय, सहा फूट आठ इंचांचे परदेशी खेळाडू माझ्या अंगावर सोडायचे, आणि मी सहा फूट एक! दोन दात, एकदा नाक, डावा गुडघा. एवढं देऊन बसलोय मी. टॉवेल म्हणे!"

"मग सगळ्यांनी सोडलं का?"

"सोडलं नाही. दिलं! रंगाच्या कंपनीच्या संघानं सरबतवाल्यांच्या संघाला दिलं, सरबतवाल्यांनी डबाबंद मासळीवाल्यांना. एकदा सरावाला गेलो, तर फाटकावरचा रखवालदार म्हणतो, 'दादा, यादीत नाव नाही तुमचं.' तुझा जन्म झाला त्या आठवड्यात तर मला बाजारातल्या कोळणीनं सांगितलं! 'काय हो, आता सरबतवाले ना तुम्ही?' माझ्या हातात तिची कोळंबी, आणि मलाच पत्ता नाही!"

"अहो, भात गार होतोय," नानय म्हणाली.

"होऊ दे! 'रोदेल, जाशील का रे बाबा?' एवढं कुणाच्या तोंडून निघालं असतं, तर मी हसत गेलो असतो. नऊ वर्षांत एकानंही विचारलं नाही!"

त्यांनी मूठ आपटली, भात ताटातून उडाला. मला इतका राग आला त्या कंपनीवाल्यांचा! त्यांचं सरबत जन्मात पिणार नाही असं मी मोठ्यानं जाहीरही केलं.

तेवढ्यात शिंपीणबाई पासितामावशी दारात. गळ्यात टेप, हातात गुलाबी सॅटिन.

"चल गं, माप दे. परवा संचलन, आणि गाऊन अजून कापलाही नाही."

"कुणाचा गाऊन?"

तातयनी मान खाजवली. "अगं, सांगायचं राहूनच गेलं. वाडीप्रमुख तोरिबियोंना मी शब्द दिलाय. आमच्या पुरुषांच्या संघाची म्यूझ तू. पट्टा घालून पुढे चालायचं, मग मंचावर त्यांच्या शेजारी बसायचं. मान असतो तो."

म्यूझ, म्हणजे संघाची शोभेची बाहुली! उंच टाचा, लिपस्टिक, हात हलवत फिरायचं, आणि मंचावरून उठायचं नाही. आणि संचलन संपल्या संपल्या आमचा सामना.

"नानय, तुला माहीत होतं?"

नानय तव्यावरची मासळी उगाचच उलटत राहिली. म्हणजे होतं.

"आणि माझा सामना?"

"मुलींची ती गंमत गं. तुझ्या जागी जोझेल खेळेल की. मी बोललोय तुमच्या कोचशी."

माझे कान तापले. "माझी जागा तुम्ही दुसरीला देऊन टाकलीत? मला न विचारता?"

"त्यात विचारायचं काय?"

"अगदी हेच म्हणाले असतील ते सरबतवाले!"

पासितामावशींनी टेप गुंडाळायला घेतला. तातय ओरडतील असं वाटलं, पण ते सांडलेला भात वेचायला लागले, आणि मला त्याचाही राग आला. ओरडा ना! आत्ता तर ओरडत होतात!

मी ताट सारून उभी राहिले.

"तातय, नानय, नीट ऐका. परवा संचलनात मी चालणार, पण मुलींच्या संघात, अर्ध्या चड्डीत आणि खेळायच्या बुटांत. आणि सामन्यात बॉल पुढे मीच नेणार. तोरिबियोंना आज दुपारच्या आत तुम्ही सांगा. नाही जमलं, तर मी जाऊन सांगते."