जिन्याखालची मतपेटी

मित्रांनो, तुमच्या शाळेचा कारभार कोण बघतं, हे तुम्ही कधी घरी विचारलं आहे का? मला ते पक्कं ठाऊक आहे. शाळा मंडळाच्या निवडणुकीची मी जुनी मतपेटी आहे.

एका कारागिराने मला जाड पत्र्यातून घडवलं. झाकणाला फट पाडल्यावर त्याने तिच्या कडा कानशीने घासल्या. "कुणाचं बोट कापायला नको," तो म्हणाला. चार वर्षांतून एक दिवस काम आणि एरवी जिन्याखालच्या खोलीत मुक्काम, असं माझं आयुष्य ठरलं.

माझ्या पहिल्याच निवडणुकीला ड्रायव्हरदादा उभे राहिले. ते शाळेची बस चालवत. शेवटचं मूल नीट बसल्याशिवाय गाडी जागची हलवायचे नाहीत. त्या वेळी जिन्याचा कठडा डुगडुगत होता. "आधी जिना नीट करीन," एवढंच ते दारोदारी सांगत. मतदानाच्या दिवशी रांग फाटकाबाहेर गेली. चिठ्ठ्या इतक्या झाल्या की एका शिक्षकांना त्या पट्टीने आत ढकलाव्या लागल्या. दादा अकरा मतांनी निवडून आले. त्यांनी स्वतः मला खांद्यावर घेतलं आणि म्हणाले, "ही माझी मालकीण!" त्या दिवशी मला केवढा अभिमान वाटला!

त्यांनी कठडा बसवला, पाण्याचे नळ आणले. दुसऱ्यांदा ते सहज जिंकले. तिसऱ्यांदाही जिंकले, पण तेव्हा रांग दारापर्यंतसुद्धा गेली नाही. लोक म्हणाले, "दादा आहेत ना, मग आपण कशाला जायचं?" दादांनी बस सोडली. खुर्ची त्यांच्या अंगवळणी पडली.

चौथी निवडणूक जवळ आली, तेव्हा एक इंजिनीअर आले. माझ्या डोक्यावरच्या जिन्याला त्यांनी हातोडीने टकटक केलं. आवाज पोकळ आला.

"आतल्या सळया गंजल्यात. हा जिना आजच बंद करा," ते म्हणाले.

दादांनी खोलीचं दार लोटून घेतलं. मग हळूच म्हणाले, "निवडणूक तोंडावर आलीय. आत्ता बंद केला तर लोक विचारतील, बारा वर्षं काय केलं? महिनाभर थांबा."

दोन दिवसांनी जिन्याला निळा रंग लागला.

त्या वर्षी विज्ञानाच्या निवृत्त बाईंनी अर्ज भरला होता. दादांनी त्यांना माझ्या खोलीच्या दाराशीच गाठलं. "बाई, तुम्ही-आम्ही काय वेगळे आहोत? या वयात कशाला धावपळ? तुमची प्रयोगशाळा करून देतो, शब्द आहे माझा." बाईंनी अर्ज मागे घेतला. दादा बिनविरोध निवडून आले. वर टाळ्या वाजल्या. मला कुणी बाहेरच काढलं नाही.

महिन्याचं वर्ष झालं, एकाची तीन वर्षं झाली. सुट्टी झाली की शेकडो पावलं माझ्यावरून धावत आणि झाकणावर पिठासारखी वाळू झरे. पुढे पुढे खडे पडू लागले. मला ओरडावंसं वाटे, पण पत्र्याला कुठला आवाज? झाडायला येणाऱ्या शिपाईमावशींनी ते खडे पाहिले. दादांना जाऊन सांगितलं.

"मावशी, तुम्ही झाडा. बाकीचं आम्ही बघतो," दादा म्हणाले.

एका दुपारी घंटा झाली. मावशी जिन्याच्या मध्यावर होत्या. काहीतरी कडाडलं. त्या वर वळल्या, दोन्ही हात पसरले आणि ओरडल्या, "मागे व्हा! कुणी उतरू नका!" मुलं जागच्या जागी थबकली. जिना मावशींना घेऊन खाली आला.

सगळी मुलं वाचली. मावशी गेल्या.

मला ढिगाऱ्यातून ओढून काढलं, तेव्हा दादा तिथे उभे होते. ते हमसून हमसून रडले. मित्रांनो, ते रडणं खोटं नव्हतं. म्हणूनच मला त्यांची जास्त भीती वाटते. कारण मग ते तसेच रडत घरोघरी गेले आणि म्हणाले, "नवा जिना मीच बांधून देणार." लोकांनी त्यांना बसायला खुर्ची दिली.

आता मी कचेरीतल्या टेबलावर आहे. पुन्हा निवडणूक आली आहे आणि उमेदवारीचा अर्ज भरायचा आज शेवटचा दिवस. फायलीत एकच अर्ज आहे, दादांचा. बाईंनी या रस्त्याने येणंच सोडलं आहे.

मित्रांनो, मला पुसू नका, रंगवू नका. मला रिकामी मात्र ठेवू नका. घरी पळत जा आणि आईला, बाबांना, आत्याला, मामाला, जो भेटेल त्याला अर्ज भरायला इकडे पाठवा. कचेरी पाचला बंद होते. कारकुनाने आत्ताच घड्याळाकडे पाहिलं आणि पेनाला टोपण लावलं.