वसुलीवाल्याची उसवलेली पँट

मित्रांनो, मी एक जुनी शिलाई मशीन आहे. देवाने मला जिभेऐवजी सुई दिली, म्हणून मी ऐकते जास्त, बोलते कमी. आज मात्र सावध होऊन ऐका.

कारखान्यात घडले आणि एका दुकानातून हप्त्यांवर मावशींच्या घरी आले. हप्ते फिटले, पुढे ते दुकानही बंद पडलं. मावशींनी माझ्यावर गणवेश शिवले, पडदे शिवले, काकांच्या विजारींना ठिगळं लावली. लोक म्हणायचे, "काय सुरेख टाका पडतो हिचा!" मग तयार कपड्यांचे दिवस आले आणि माझ्या डोक्यावर फुलदाणी बसली. गळकी!

काकांची नोकरी गेली, तेव्हा मावशींनी फुलदाणी उचलली, मला तेल पाजलं. घर पुन्हा माझ्यावर चालू लागलं. आणि एका दुपारी दारात वसुलीवाला उभा.

"मशीन घेतलीत त्या दुकानाच्या खात्यावर तुमची जुनी बाकी आहे. भरा, नाहीतर कोर्टात खेचू. ही मशीन उचलून नेऊ!"

माझं चाक जागीच थिजलं. काका खिसे चाचपू लागले. "अगं, थोडे देऊन टाकू. ब्याद टळेल."

"आधी हात बाहेर काढा," मावशी म्हणाल्या. "थोडे दिले की बाकी कबूल केल्यासारखं होतं."

वसुलीवाला माझा नंबर वाचायला ऐटीत वाकला आणि... टर्र! पँट मागून उसवली.

मावशींचा नेमच आहे, फाटक्या कपड्यात कुणाला दाराबाहेर जाऊ द्यायचं नाही. "काढा ती." बिचारा चादर गुंडाळून पडद्याआड बसला. पँट आली माझ्या सुईखाली.

"आता सांगा दादा, बाकी किती? कधीची?"

"तसं... साहेबांनी नुसतं नाव दिलंय."

"मग साहेबांना म्हणावं, पुराव्यासकट लेखी पाठवा. हप्ते मी फेडलेत, बाकी मान्य नाही, हे मीही लेखी कळवते. कोर्टाचं बोलावणं आलं तर वेळेवर हजर राहीन. पळणारी नाही मी."

"पळणारे तर तेही नाहीत सध्या," काका एकदम शूर झाले.

पँट चढवून तो निघाला, तेव्हा मावशींनी शिलाईचे पैसे मागितले. तो ओशाळला. "सुटे नाहीत हो मावशी. उद्या देतो."

"द्या सावकाश. कोर्टात नाही खेचत."

मावशींचं पत्र लगेच गेलं. उत्तर अजून आलेलं नाही. शिलाईही नाही.

म्हणून सांगते मित्रांनो, कुणी कोर्टाचा धाक घातला तर घाबरून खिशात हात घालू नका. आधी लेखी मागा. कोर्टाचा खरा कागद आला, तर तो फुलदाणीखाली दडवू नका. आणि घरात माझी एखादी बहीण धूळ खात असेल, तर तिला दोन थेंब तेल घाला. कुणाची पँट कधी उसवेल, देव जाणे!