उन्हात वाळवलेली माती

गौरवी विद्यापीठात पुरातत्त्व शिकवायची. गोव्यातल्या इब्रामपूरच्या घरी ती या खेपेला नदीकाठच्या दरडीतली माती न्यायला आली होती. मातीने भरलेल्या चार लोखंडी नळ्या काळ्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून तिने आईच्या कपाटात ठेवल्या होत्या. सोमवारी त्या प्रयोगशाळेत जायच्या होत्या.

रविवारी सकाळी शेजारची विनोदिनी चहाला आली. "गो बाय, ही माती नेऊन करतेस काय?"

"काकी, पहिली माणसं आपल्या देशात कशी आली, यावर दोन मतं आहेत," गौरवी उत्साहाने सांगू लागली. "आफ्रिकेतून निघून ती समुद्राच्या कडेकडेने, मासे-तिसऱ्यो खात आली, असं एक मत. दुसरं म्हणतं, ती आतून, नद्यांच्या खोऱ्यांतून आली, आणि तीही फार आधी. आपल्या दरडीत अगदी खालच्या थरात मला दगडाची हत्यारं मिळालीत. ती किती जुनी, ते ही माती सांगेल."

"माती कशी सांगणार?"

"वाळूचा कण किती वर्षं अंधारात होता, ते यंत्राला कळतं. म्हणून तर काळं प्लॅस्टिक. एकदा ऊन लागलं की सगळं पुसलं गेलं."

चहात बुडवायला पोय, म्हणजे गावचा पाव, मोडत असलेल्या तिच्या आईचा, सुमंगलाचा हात थबकला.

शुक्रवारी गौरवी बाहेर गेली असताना कपाटात मुंग्या शिरल्या होत्या. त्या झाडताना एक नळी ओलसर लागली. पोरीची मेहनत नासायला नको म्हणून सुमंगलाने ती माती अंगणात वर्तमानपत्रावर पसरून खडखडीत वाळवली, पुन्हा भरली आणि घट्ट बांधून ठेवली. सांगायचं तेवढं राहून गेलं.

विनोदिनी गेल्यावर सुमंगलाने कपाट उघडून पाहिलं. त्या नळीवर चारचा आकडा होता. गप्प राहिलं तर कुणाला कळणार आहे? पण चार वर्षं ही पोर उन्हातान्हात त्या दरडीशी झटत होती. दोनदा सुमंगला गौरवीच्या दारापर्यंत जाऊन परतली. तिसऱ्यांदा मात्र आत शिरली.

"समज, एक नळी कुणी उघडली, तर?"

"तर थर कालपरवाचा आहे असं येईल. मी समजेन, हत्यारं वरून घसरून खाली आली, आणि नाद सोडून देईन. का गो?"

"मी उघडली. चारवाली. उन्हात वाळवली."

गौरवीचा चेहरा उतरला. "चार नंबर? आई, तोच तर सगळ्यात खालचा थर!" ती उठून कपाटाकडे गेली.

तासाभराने गौरवी हातोडा आणि रिकामी नळी घेऊन निघाली. "काळी घोंगडी घे, आणि चल," ती तुटकपणे म्हणाली.

नदीचं पाणी चढलं होतं, जुनी जागा बुडाली होती. वीसेक पावलं पुढे तोच थर जरा वर आलेला सापडला. गौरवी नळी दरडीत ठोकत असताना सुमंगला ऊन अडवायला गुडघाभर पाण्यात घोंगडी धरून उभी राहिली. घोंगडी तिने जराही खाली येऊ दिली नाही.

चार महिन्यांनी गौरवीचा फोन आला. थर खूप जुना निघाला होता, पण हिशेबात पाच-सात हजार वर्षं इकडेतिकडे होत होती. त्यामुळे दोन्ही मतांचा वाद तसाच राहिला.

"जुन्या जागेची माती असती तर?" सुमंगलाने विचारलं.

"ते आता कळायचं नाही, आई. पण तू सांगितलं नसतंस, तर हत्यारं वरून घसरली असं चुकीचं छापून मी मोकळी झाले असते."

फोन ठेवल्यावर सुमंगलाने ती काळी घोंगडी नीट घडी करून कपाटात ठेवली.