पाळण्यातला भुंगा

मित्रांनो, मी केदारखेड्याचा एक जुना सागवानी पाळणा आहे. राहतो सर्जेराव आणि बेबीनंदा यांच्या घरी, पण झोपवली आहेत साऱ्या गल्लीची लेकरं. आजवर चाळीस. त्यांची लेक प्रिया जन्मली तेव्हा भुजंग सुतारांनी मला घडवलं. कातीव दांड्यांचे कठडे, चार भक्कम पाय, पितळी कड्या. लोक येत, माझ्यावरून हात फिरवत आणि म्हणत, काय काम केलंय!

चार वर्षांपूर्वी माझ्या तळाची फळी तडकली. भुजंगनी नवी बसवली. त्यानंतर दोन लेकरं मोठी झाली आणि मग मला मागच्या खोलीत रिकाम्या पोत्यांवर ठेवलं. तिथे कुणी फडकंसुद्धा फिरवलं नाही.

त्या काळोखात माझ्या अंगात काहीतरी राहायला आलं. मोहरीपेक्षा थोडी लांबट, तांबूस अशी भुंग्याची मादी एका संध्याकाळी तळफळीवर बसली आणि लाकडाच्या बारीक छिद्रांत अंडी घालून उडून गेली. त्यांतून पांढऱ्या मऊ अळ्या निघाल्या. मित्रांनो, मी घाबरलो होतो, पण खोटं कशाला सांगू, थक्कही झालो होतो. आत उजेड नाही, पाणी नाही. तरी त्या वर्षभर माझं लाकूड खात बोगदे करत होत्या. खात खात कडेला आल्या, की कागदाएवढी पापडी शिल्लक ठेवून बरोबर मागे वळायच्या. बाहेरून मी कालच्यासारखाच दिसत होतो. लेकरांसारख्या त्याही माझ्यातच वाढत होत्या.

असं वर्ष गेलं. उन्हाळ्यात प्रिया बाळंतपणासाठी माहेरी आली. बेबीनंदांनी मला अंगणात काढलं. पायाशी पिठासारखा भुसा सांडला. तळाला टाचणीने टोचावीत तशी गोल भोकं होती; वाढ पुरी झालेले काही भुंगे तिथून बाहेर पडले होते.

सर्जेराव आत गेले आणि कपाशीवर फवारायच्या औषधाचा डबा घेऊन आले. "दोन झाकणं ओततो. एक बी वाचायचा न्हाई."

"अहो, ठेवा तो डबा," बेबीनंदा म्हणाल्या. "लेकरू कठडा चघळत असतं. औषध त्याच्या पोटात जाईल."

"मंग जाळून टाकू. जालन्याहून नवा आणू."

प्रिया पायरीवर बसली होती. ती म्हणाली, "बाबा, जाळायच्या आधी भुजंगकाकांना तरी दाखवा."

भुजंग आता सत्तरीला आलेले. त्यांनी मला उलटं केलं, भुसा चिमटीत घेऊन चोळला, सगळी भोकं न्याहाळली आणि फळीला कान लावून कितीतरी वेळ तसेच राहिले. आपल्याच हातच्या कामाचं दुखणं ते ऐकत होते.

"अजून जिवंत हाय," ते म्हणाले. "खाऊन राह्यलाय." मग खाली बघत बोलले, "ही फळी म्याच बसवल्ती. आंब्याची. ओली व्हती, पण मला जल्दी झाल्ती, वाळू दिली न्हाई. सागाच्या लाल गाभ्याला भुंगा सहसा लागत न्हाई. ह्या फळीतून तो दोन दांड्यांच्या पांढऱ्या कडेत शिरलाय. चूक माझी हाय, बेबीनंदाताई."

बेबीनंदांनी त्यांच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला.

भुजंगनी आंब्याची फळी उपसून त्याच दिवशी जाळली. उरलेल्या मला त्यांनी गच्चीवर विटांवर ठेवून काळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलं. माझ्या पायाएवढा जाड सागाचा तुकडा घेऊन त्याला भोक पाडलं आणि डेअरीतला दूध तपासायचा थर्मामीटर त्यात खोचून प्लास्टिकच्या आत माझ्याशेजारी ठेवला. "नुसती हवा तापून भागत न्हाई. लाकूड आतून पंचावन्नच्या वर जायला पायजे आन् चार तास तिथंच राहायला पायजे."

पहिल्या दिवशी पारा एकोणपन्नासावर अडला. सर्जेरावांनी स्वतः वर चढून प्लास्टिकचा आणखी एक थर ताणला. दुसऱ्या दिवशी दुपारी छप्पन्न. तिसऱ्या दिवशी अठ्ठावन्न. मित्रांनो, ज्या उन्हाला सगळे शिव्या देतात, ते ऊन माझ्या गाभ्यापर्यंत पोचलं. बोगद्यांतली कुरकुर मंदावली आणि मग थांबली. इतकी शांतता मी वर्षभर ऐकली नव्हती. संध्याकाळी भुजंग बजावत, "एकदम उघडू नका, हळूहळू निवू द्या, न्हाईतर तडा जाईल."

मग त्यांनी दांड्यांवरची सगळी भोकं मेणाने बुजवली, म्हणजे नवं पडलं तर लगेच दिसेल. खाली काळा कागद पसरला. चौथ्या सकाळी कागदावर पांढरी चिमूट दिसली आणि प्रियाचा चेहरा उतरला. भुजंग वाकले. मेण सगळीकडे शाबूत होतं. "सांध्यात अडकलेला जुना भुसा गळलाय," ते म्हणाले. कागद झटकून पुन्हा पसरला. त्यानंतर महिनाभर तो कोराच राहिला. शेवटी नवी, वाळलेली सागाची फळी बसली आणि अंगभर जवसाच्या तेलाचे हात फिरले. तेलाने बारीक छिद्रं बुजलेल्या लाकडात भुंग्याला अंडी घालायला जागा मिळत नाही.

जूनमध्ये प्रियाला मुलगी झाली. बाराव्या दिवशी तिला माझ्यात ठेवताना बेबीनंदांनी भुजंगना पुढे बोलावलं. ते संकोचले, मग दोन बोटांनी त्यांनी मला हलकेच झोका दिला. तिने मूठ उघडली, मिटली आणि झोपली. चाळिसावं लेकरू. तरी प्रत्येक वेळी मला पहिल्यासारखंच नवल वाटतं.

आता ती घरभर धावते. आज शहागडच्या गिरिजाबाई नातवासाठी मला न्यायला आल्या. टेम्पोत चढवण्याआधी सर्जेरावांनी मला आडवं केलं, त्यांना जवळ बोलावलं आणि तळाच्या फळीवर हात ठेवून म्हणाले, "महिन्यातून एकदा इथं बघत जा. भोकं दिसली तर औषध ओतू नका, जाळू नका. आधी आम्हाला फोन करा."

मित्रांनो, तुमच्याही घरात खाट असेल, पाट असेल. एकदा वाकून त्यांच्या खाली बघा. आम्हाला बोलता येत नाही.