पिवळ्या ताडपत्रीचे चार कोपरे

मी ताडपत्री बोलतेय. किन्हीराजा गावच्या खळ्यात सोयाबीनच्या गंजीवर पसरलेली, पिवळी, तीच मी. तुम्ही वाटेनं जाताना मला पाहता आणि पुढे जाता, त्याचा मला राग नाही. झाकणाऱ्याकडे कोण बघतं? पण आज जरा थांबा. माझी एक बाजू कापलेली दिसते ना, तिची हकिगत सांगायची आहे, आणि ती सांगितल्याशिवाय मी काही गप्प बसणार नाही.

माझा जन्म वाशीमचा. हबीबभाईंच्या दुकानात मोठ्या गठ्ठ्यातून मला कापलं. त्यांच्या बायकोनं, हुस्नाबानोनं, कडेला दोरी घालून मला मशीनवर शिवलं आणि कोपऱ्यांत रिंगा ठोकल्या. कोपऱ्यांवर तिचा भारी जीव. तिथे दुहेरी तुकडा लावल्याशिवाय ती माल हातातून सोडायची नाही. हबीबभाई गिऱ्हाइकाला सांगायचे, "कोने पक्के रहे तो हवा कुछ नहीं बिगाडती."

नानाजींनी मला घेतलं आणि किन्हीराजाला आणलं. घरात ते, त्यांची बायको मनकर्णाबाई आणि लेक वैजयंती. गंजी लागली की मी वर, पाऊस माझ्या पाठीवर आणि दाणे खाली कोरडे. सकाळी नानाजी कोपरा उचलून आत हात घालायचे, मूठभर शेंगा हुंगायचे आणि कोपरा परत ठेवायचे. तेवढ्यावर मी खूश असायची.

चैत्रात पोहरादेवीची यात्रा आली की माझी बढती व्हायची. मोकळ्या वावरात दोन बांबूंवर मला ताणायचं, की झालं आमचं पाल. आजूबाजूला जिकडे पाहावं तिकडे उघड्यावर निजलेली माणसं. कुणी चादरीवर, कुणी नुसतं मातीवर. पण यांना घरं नाहीत का, असं तिथे कुणाच्या मनातही यायचं नाही. पहिला प्रश्न एकच असायचा, कोन्या गावचे? मनकर्णाबाईचा तर नेमच होता. पाल ठोकलं की वाटेवरच्या कुणाला तरी घास दिल्याशिवाय आपण जेवायचं नाही. एकदा तांड्यावरच्या मोतीबाईला तिनं असं बळंच बसवलं, आणि तेव्हापासून दोघी यात्रेत एकमेकींना शोधू लागल्या.

याच नानाजींनी एकदा मोठं शहर पाहिलं. शेतकऱ्यांच्या सहलीबरोबर गेले होते. त्या शहराचं नाव मी मुद्दाम घेत नाही; घेतलं तर बाकीची शहरं सुटल्यासारखी खूश होतील. परत आल्यावर पारावर त्यांना लोकांनी विचारलं, काय पाहिलं? उंच इमारती, समुद्र, दिव्यांची रांग, सगळं पाहून आलेला माणूस सांगत मात्र एकच बसला. फुटपाथवर माणसं निजतात, ताडपत्र्या बांधून राहतात, पाहून मन विटलं. "तसल्या शयरात रायनं म्हंजे काय जिनगानी हाय?" असं म्हणून त्यांनी ते अख्खं शहर निकालात काढलं. मी पारालगतच्या खळ्यात घडी होऊन ऐकत होते. मलाही ते खरं वाटलं.

मग तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्यानं नानाजींचा घसा धरला. आवाज बसला, गिळणं अवघड झालं. इथल्या डॉक्टरांनी त्याच शहरातल्या मोठ्या दवाखान्यात जायला सांगितलं. मनकर्णाबाईनं कपडे बांधले, भाकरीचं पीठ आणि ठेचा घेतला आणि मला काखेत मारलं. कुठे टेकावं लागेल कुणास ठाऊक, असं म्हणाली.

तिचा अंदाज खरा ठरला. धर्मशाळा भरलेली होती. ऑपरेशनची तारीख पक्की नव्हती. रोज सकाळी दवाखान्याच्या फाटकावर रखवालदार बबलू नावं पुकारायचा. ज्याचं नाव येईल त्यानं तिथल्या तिथे आत जायचं. कुणी पुढे आलं नाही तर पाळी दुसऱ्याला, आणि आपलं नाव पार मागे. म्हणून फाटकासमोर, रस्त्याच्या या बाजूच्या फुटपाथवर राहणं भाग होतं. मनकर्णाबाईनं माझे दोन कोपरे फुटपाथमागच्या कठड्याला बांधले, दोन खाली दगडाला. बबलूही आम्हाला पिवळ्या ताडपत्रीवाले म्हणूनच ओळखू लागला. नावं पुकारताना आमच्याकडे पाहून मान हलवायचा, आज नाही म्हणून.

शेजारी कमलीबाई होती. चिंध्यांचा आडोसा, एक पातेलं, एक स्टोव्ह. मनकर्णाबाईनं सवयीनं विचारलं, "कोन्या गावची वं बाई तू?" कमलीबाई तिच्या तोंडाकडे पाहतच राहिली. मग म्हणाली, "गाव हेच. त्या खांबापाशी जन्मले मी. आजवर कुणी विचारलं नव्हतं." मनकर्णाबाईनं लगेच भाकरी मोडून तिच्या हातावर ठेवली. त्या दिवसापासून पीठ आमचं आणि स्टोव्ह तिचा.

एका दुपारी शहर पाहायला आलेली काही माणसं आमच्यापाशी थांबली. गळ्यात कॅमेरे, चेहऱ्यावर हळहळ. पुढची बाई एकटक पाहत होती. मनकर्णाबाईला वाटलं, भुकेली असेल. कमलीबाईचं तोवर जेवून झालं होतं, पण मनकर्णाबाईच्या अंगात नेम मुरलेला. तिनं भाकरीवर ठेचा घातला आणि हात लांब केला. त्या बाईनं भाकरीकडे पाहिलंच नाही. लांब झालेला हात तेवढा पाहिला, त्यावर एक नोट ठेवली, फोटो काढला आणि निघून गेली.

नोट ठेच्याला चिकटली होती. वैजयंती मान खाली घालून बसली. मला इतका अपमान कधीच वाटला नव्हता. वाटलं, गाठ सोडून उडावं आणि त्या बाईच्या वाटेत आडवं पडावं. नानाजी घोगऱ्या आवाजात एवढंच म्हणाले, "मीबी असाच पाहून गेलो होतो."

पुढच्याच आठवड्यात गडबड सुरू झाली. बाहेरदेशचे बडे पाहुणे येणार होते. भिंती रंगवल्या, झाडांना दिवे गुंडाळले. मग गाडी आली आणि माणसं उतरली. फुटपाथ मोकळा करा, शहराबाहेर निवारा आहे, तिथे सोडतो, पाहुणे गेले की या परत. त्यांच्यातला मुकादम तसा वाईट नव्हता. त्याचं म्हणणं एवढंच, की पाहुण्यांनी हे पाहिलं तर शहराबद्दल काय मत होईल?

मनकर्णाबाई उठली नाही. उद्या नाव यायचा संभव आहे, बबलूनं सकाळीच सांगितलं होतं. माणसं माझी गाठ सोडू लागली तेव्हा तिनं एक कोपरा धरला. तिकडून ओढ, इकडून ओढ. हुस्नाबानोचा दुहेरी तुकडा जराही उसवला नाही. दुसरे दोघे तोवर कमलीबाईचं सामान गाडीत फेकत होते.

मनकर्णाबाई मुकादमाला म्हणाली, "पावने त आमी हावो, बापू. हे बाई इथं जलमली. पावने येऊन राह्यले म्हून तुमी घरवालीलेच हाकलून राह्यले का?"

मुकादमानं वैजयंतीच्या हातातली दवाखान्याची फाइल पाहिली आणि आम्हाला राहू दिलं. पण कमलीबाईपाशी फाइल नव्हती. तिला गाडीत बसवलं. मनकर्णाबाई गाडीमागे थोडी धावली. ती परत आली तेव्हा आमच्यासमोर हिरवं कापड ताणणं चालू होतं, माणसाच्या डोक्यापेक्षा उंच, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मुकादमानं बजावलं, गाड्या जाईस्तोवर कुणी बाहेर यायचं नाही.

मला झाकणं कळतं, जन्म त्यातच गेला. सोयाबीन भिजू नये म्हणून मी झाकते. माणूस दिसू नये म्हणून झाकलेलं मी पहिल्यांदा पाहिलं, आणि त्या हिरव्या कापडाची मला कीव आली. बिचाऱ्याला कामच तसलं दिलेलं.

सकाळी पाहुण्यांच्या गाड्यांचे भोंगे वाजू लागले आणि त्याच वेळी पलीकडे बबलूनं पुकारा सुरू केला. वैजयंती कापडाला कान लावून होती. तिला नाव ऐकू आलं. "बाबा, तुमचंच." नानाजींना ओरडता येत नव्हतं. मायलेकींनी हाका मारल्या, त्या भोंग्यांत विरल्या. कापडाच्या दोन्ही टोकांना पोलीस, ते कुणाला सोडेनात. बबलूनं दुसऱ्यांदा पुकारलं. तो तिसऱ्यांदा पुकारत नसे.

मनकर्णाबाईनं माझ्या गाठी सोडल्या. एक कोपरा वैजयंतीला दिला, एक आपण घेतला. दोघी कठड्याच्या कट्ट्यावर चढल्या आणि मला वर, हिरव्या कापडाच्या वर उचललं. वारा भरला. मी अख्खी फुगले, फडफडले, जितकी पिवळी दिसता येईल तितकी दिसले. आयुष्यभर झाकणारी मी त्या दिवशी चारचौघांत दाखवायला उभी राहिले.

बबलूनं पाहिलं. हात वर करून पोलिसाला ओरडला, "पेशंट आहे तिकडे, सोडा त्यांना." गाड्यांची रांग थांबली आणि तिच्यासमोरून नानाजी लेकीचा हात धरून रस्ता ओलांडून गेले. काचांआड चेहरे वळले. त्यांचं शहराबद्दल काय मत झालं, मला माहीत नाही.

ऑपरेशन झालं. नानाजी वाचले, आवाज मात्र कुजबुजीपुरताच उरला. आम्ही अजून तिथेच होतो तेव्हा कमलीबाई पायी पायी परत आली. चिंध्या गेल्या होत्या, पातेलं आणि स्टोव्हही. ती आपल्या खांबापाशी नुसती बसून राहिली. गावी निघायच्या दिवशी मनकर्णाबाईनं समोरच्या टपरीवरून कात्री मागून आणली, मला मधोमध कापलं आणि अर्धी कमलीबाईच्या खांबाला बांधली. दुखलं का म्हणाल, तर हो, दुखलं. पण नको असं मला क्षणभरही वाटलं नाही.

वाशीमला उतरल्यावर मला हबीबभाईंच्या दुकानात नेलं. कापलेली कड पाहून हुस्नाबानो जरा रागावलीच, चांगला माल कुणी कापला म्हणून. मनकर्णाबाईनं सगळं सांगितलं. हुस्नाबानोनं मशीन ओढलं, कड दुमडून शिवली, नवे दोन कोपरे केले आणि नेहमीसारखा दुहेरी तुकडा लावला. मग विचारलं, "तिच्या तुकड्याले कोपरे कोन करून देनार?"

आता गंजी लहान लावतात, मला पुरेल एवढी. पारावर कुणी शहरातून आलेला सांगू लागला, की फुटपाथवर काय माणसं पडलेली असतात, पाहवत नाही, तर नानाजी त्याला जवळ बोलावतात. ते कुजबुजतात म्हणून सगळा पार शांत होतो. ते विचारतात, "त्यायले गाव इचारलं का तुनं?"

तुम्हीही कधी मोठ्या शहरात जाल. दवाखान्यासमोरच्या फुटपाथवर, एका खांबापाशी, पिवळा तुकडा बांधलेला दिसला तर डोळे फिरवू नका आणि नोटही काढू नका. ती मीच आहे. माझे हुस्नाबानोनं पहिल्यांदा शिवलेले दोन कोपरे अजून तिथे कुणाचं तरी छप्पर धरून आहेत. आत जी बाई बसली असेल तिला गाव विचारा. ती तुम्ही उभे असाल त्याच शहराचं नाव सांगेल.