करडीचा नऊ पूर्णांक सहा

अश्वजित करडीचा लाइनमन. दिवसभर गावाला उजेड पुरवायचा आणि दिवेलागणीला स्लॅबवर चढून अंधार शोधायचा. लाइट गेली की अख्खं गाव संशयानं त्याच्या दुर्बिणीकडे बघायचं.

दुर्बीण रोखलेली असे हंस तारकासमूहातल्या एका ताऱ्यावर. खरं तर ती ताऱ्यांची जोडी. एक दुसऱ्याचा वायू ओढून भोवती साठवतो; साठा फार झाला की महिना-दोन महिन्यांनी भडका. तो दिसताच पुण्याच्या खगोलशास्त्रज्ञ रेणूमॅडमना कळवायचं, म्हणजे त्या अवकाशातली मोठी दुर्बीण तिकडे वळवणार. अश्वजित वर्षभर तेजाचा आकडा (तेज वाढलं की हा उतरतो) कळवत होता: ९.६. तारा भडकेना की विझेना.

त्या संध्याकाळी वारा होता, म्हणून ताऱ्यांचा नकाशा धरायला माय बसली, मंगलाबाई.

"माय, उलटा धरला तू."

"उलटा कायचा? आकडे तं सरळ हायेत."

अश्वजितनं दुर्बिणीत पाहिलं, नकाशात पाहिलं आणि गार पडला. सगळं तंतोतंत जुळत होतं. दुर्बिणीत चित्र उलटं दिसतं, म्हणून नकाशा मुळातच उलटा छापला होता. ती छपाईची चूक समजून हा पठ्ठ्या वर्षभर तो फिरवून धरत होता आणि मान वाकडी करून आकडे वाचत होता. म्हणजे पहारा दिला तो शेजारच्या भलत्याच ताऱ्यावर. आणि खरा तारा आत्ता भडकला होता!

कळवायचं तर आधी चूक कबूल करायची. मग याच्या शब्दावर मोठी दुर्बीण कोण वळवणार? तरी त्यानं फोन लावला.

"मॅडम, वर्षभर मी चुकीचा तारा पाहून राहिलो."

"माहीत आहे. तीन मेल केले तुम्हाला."

"मले वाटलं शाबासकीचे असतीन. म्हून न उघडता जपून ठेवले."



"त्या ताऱ्याचं तेज ९.६च आहे," मॅडम म्हणाल्या. "दोनशे संध्याकाळी तुम्ही एकदाही ९.५ म्हणाला नाहीत. असा डोळा माझ्या एकाही विद्यार्थ्याकडे नाही. इथे ढग आहेत. आज काय दिसतंय?"

"८.४."

"वळवते."

दुसऱ्या संध्याकाळी निरोप आला: भडका अगदी सुरुवातीलाच सापडला. मंगलाबाईनं निरोप ऐकला, पण तिचं मन भलतीकडेच.

"अन् तो वर्षभराचा बिचारा?"

अश्वजितनं दुर्बीण शेजारच्या ताऱ्यावर सरकवली. "९.६."

"बरा हाये न?"

"बरा हाये."